दिल्लीतली दहा वर्षे वजा करू नका

27 डिसेंबर जवळ आला की चांदूर रेल्वेपासून अकोल्यापर्यंत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या तसबिरींना हार पडतात. शाळा-महाविद्यालयांत भाषणे होतात आणि त्यांचा साचा ठरलेला असतो. पापळसारख्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, विलायतेतले शिक्षण, श्री शिवाजी शिक्षण संस्था, शिक्षणमहर्षी. शेवटी घाईघाईने एक वाक्य येते, ‘ते देशाचे पहिले कृषिमंत्री होते’, आणि टाळ्या पडतात. खरे मत मांडवाबाहेर, चहाच्या टपरीवर ऐकू येते. “दिल्लीत दहा वर्सं मंत्री होते भाऊसाहेब, पण आपल्याले का भेटलं?”

हा प्रश्न विचारणारे अडाणी नाहीत. त्यांत प्राध्यापक आहेत, संस्थेचे आजीव सभासद आहेत, बाजार समितीच्या निवडणुका लढवलेले कार्यकर्ते आहेत. त्यांचे म्हणणे त्यांच्याच ताकदीने मांडले तर ते असे होते. पंजाबरावांचे खरे कर्तृत्व अमरावतीत घडले आणि 1952 मध्ये लोकसभेवर निवडून गेल्यावर ते संपले. दिल्लीत त्यांना खाते मिळाले, सत्ता मिळाली नाही. निर्णय दुसरे घेत, हे सही करत. कापसाच्या मुलखातला माणूस शेतीखात्यात दहा वर्षे बसूनही ज्या मुलखाचे नाव पुढे शेतकरी आत्महत्यांशी जोडले गेले, त्या मुलखाने त्या दहा वर्षांचे कौतुक का करावे? वर, मागासवर्गीयांचे पुढारी म्हणून ते मोठे झाले आणि खुर्ची मिळताच गप्प बसले. सार काय, तर वऱ्हाडाने एक कर्ता माणूस दिल्लीला दिला आणि गमावला.

हे मत चुकीचे आहे, आणि ते नुसते चुकीचे असते तर एवढा त्रागा करण्याचे कारण नव्हते. ते पुढच्या पिढीला राजकारणाचे चुकीचे माप शिकवते. दिल्लीत गेलेल्या माणसाने आपल्या तालुक्यात काय ओढून आणले, एवढाच हिशेब त्या मापात बसतो. प्रतिभाताई पाटील 1991 ते 1996 अमरावतीच्या खासदार होत्या आणि 2007 मध्ये राष्ट्रपती झाल्या, तेव्हाही पहिल्याच आठवड्यात हाच प्रश्न निघाला: जिल्ह्याला काय मिळणार? राष्ट्रपतिपद घटनेने कशासाठी निर्माण केले आहे, हे कुणाला विचारावेसे वाटले नाही. पंजाबरावांचा न्याय याच तराजूत साठ वर्षे होत आला आहे.

आधी मांडवातले वाक्य तपासू, कारण खोट्या स्तुतीनेच खोट्या निंदेला जागा करून दिली आहे. पंजाबराव देशाचे पहिले कृषिमंत्री नव्हते. स्वातंत्र्याच्या वेळी अन्न व कृषी खाते राजेंद्रप्रसादांकडे होते. त्यांच्यानंतर जयरामदास दौलतराम आले, मग कन्हैयालाल मुन्शी. 1952 च्या निवडणुकीनंतर खात्याचे कॅबिनेट मंत्री झाले रफी अहमद किडवाई. 1954 मध्ये किडवाई वारले आणि अजितप्रसाद जैन आले, 1959 पासून स. का. पाटील. या तिघांच्या कारकिर्दीत पंजाबराव त्याच मंत्रालयात मंत्री होते, बहुतेक काळ कृषीचे आणि मधल्या काळात सहकाराचे. मंत्रिमंडळाच्या आतल्या वर्तुळात ते नव्हते. हे सरळ सांगितले तर त्यांचे काय कमी होते? उलट ‘पहिले कृषिमंत्री’ म्हणायचे आणि पुढे दहा वर्षांतले एकही काम सांगता यायचे नाही, यातूनच ते पद शोभेचे होते हा समज पक्का झाला. जयंतीच्या वक्त्यांनी पदवी पाठ केली आणि काम वाचले नाही.

आता मुख्य मुद्दा. अमरावतीचे पंजाबराव वेगळे आणि दिल्लीचे वेगळे, ही फाळणी कुठून आली?

जन्म 27 डिसेंबर 1898, पापळ. आज हे गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यात आहे, तेव्हा चांदूर तालुक्यात होते. गावातली शाळा संपल्यावर ते शिकायला चांदूर रेल्वेला आले, पुढे कारंजा, अमरावतीचे हिंदू हायस्कूल आणि पुण्याचे फर्ग्युसन. 1920 मध्ये विलायतेला गेले. एडिंबरोची एम. ए., ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन 1926 मध्ये परतले. डॉक्टरेटचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. ज्या समाजाला वेद ऐकण्याचाही अधिकार नाकारला गेला होता त्या समाजातल्या मुलाने हा विषय निवडला, यात त्याचा पुढचा सगळा स्वभाव दिसतो. परतल्यावर पुढच्याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीत ते पुढे होते. त्याच वर्षी श्रद्धानंद छात्रालय निघाले आणि त्याच वर्षी त्यांनी विमलाबाई वैद्यांशी आंतरजातीय विवाह केला. 1928 मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद मिळाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या झाल्या. 1927 मध्ये मंदिराच्या पायरीवर उभा राहणारा आणि 1928 मध्ये विहिरीवरची बंदी उठवणारा माणूस एका जातीचा पुढारी होता, असे म्हणणाऱ्यांनी या दोन वर्षांचे काय करायचे ते ठरवावे.

1930 मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात गेले आणि मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे होती. जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळले होते, पण सावकाराचे व्याज मंदीमुळे थांबत नव्हते. या काळात मध्य प्रांताने 1933 मध्ये कर्ज लवाद कायदा केला. तसा कायदा हिंदुस्थानात आधी कुठल्याही प्रांतात नव्हता. सावकार आणि कुळ यांना मंडळापुढे समोरासमोर बसवायचे, कर्जाची खरी रक्कम ठरवायची, फेडता येईल इतपत ती खाली आणायची आणि हप्ते बांधून द्यायचे, अशी त्याची रचना होती. या कायद्यामागे पंजाबराव होते. देवस्थानांच्या संपत्तीचा उपयोग लोकांच्या शिक्षणासाठी व्हावा, म्हणून विधेयक आणणारेही तेच.

या माणसाच्या डोक्यात 1933 साली कोणता प्रश्न होता? कापूस पिकवणारा कर्जात का बुडतो, हा. आणि 1952 नंतर दिल्लीत त्यांच्या खात्यापुढे कोणता प्रश्न होता? तोच, देशभराचा.

इथे थोडे थांबावे लागेल, कारण टपरीवरच्या प्रश्नाचे उत्तर याच ठिकाणी आहे आणि ते कुणी सांगत नाही. 1954 मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याच्या अखिल भारतीय पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातला आकडा भयंकर होता. शेतकरी जेवढे कर्ज काढतो त्यातले सहकारी संस्थांकडून येणारे कर्ज फक्त 3.1 टक्के. सुमारे 70 टक्के सावकाराकडून. म्हणजे पतपेढ्यांची, सोसायट्यांची पन्नास वर्षे आणि शेकड्याला तीन रुपये. अहवालाने सांगितले की नुसते कर्ज देऊन भागणार नाही. शेतकरी सुगी होताच माल विकतो, कारण घेणेकरी दारात उभा असतो आणि माल ठेवायला जागा नसते. सगळ्यांचा माल एकाच महिन्यात बाजारात येतो, भाव पडतो आणि तोच माल उन्हाळ्यात चढ्या भावाने व्यापाऱ्याच्या गोदामातून निघतो. तेव्हा गोदामे बांधा, गोदामातल्या मालाच्या पावतीवर बँकेने कर्ज द्यावे अशी सोय करा, खरेदी-विक्रीला सहकाराची जोड द्या. यातून 1955 मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. 1956 मध्ये शेतमालाचा विकास आणि वखारी यांचा कायदा झाला, राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले आणि 1957 मध्ये केंद्रीय वखार महामंडळ उभे राहिले. 2 ऑक्टोबर 1958 ला शेतमालाच्या सहकारी खरेदी-विक्रीसाठी नाफेडची स्थापना झाली. या वर्षांत अन्न व कृषी मंत्रालयात शेती आणि सहकार ही खाती कोण पाहत होते? पापळचा माणूस पाहत होता.

वखार महामंडळ किंवा नाफेड एकट्या पंजाबरावांनी उभी केली असा दावा या लेखाचा नाही. असा दावा करणे म्हणजे पुन्हा मांडवातले भाषण करणे. अहवाल गोरवाला समितीचा होता, वरचे मंत्री दुसरे होते, नियोजन आयोग होता. पण ज्या मंत्रालयातून ही व्यवस्था उभी राहिली त्यात, अडलेला शेतकरी सुगीत माल का विकतो हे पुस्तकातून नव्हे तर धामणगाव आणि चांदूरच्या जिनिंगसमोर उभ्या राहिलेल्या कापसाच्या बैलगाड्यांवरून ठाऊक असलेला माणूस दहा वर्षे बसलेला होता. याला शोभेचे पद म्हणायचे?

आणि आज टपरीवर ‘आपल्याले का भेटलं’ विचारणारा माणूस सोयाबीन कुठे ठेवतो? वखार महामंडळाच्या गोदामात. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत माल ठेवून पैसे उचलतो तेव्हा तत्त्व कोणते असते? गोदामातल्या मालावर कर्ज, हेच. 2017 मध्ये तुरीचे भाव हमीभावाखाली गेले आणि विदर्भातल्या बाजार समित्यांमध्ये दिवसचे दिवस रांगा लागल्या, त्या नाफेडच्या खरेदीसाठी होत्या. बारदाना संपला, काटे बंद पडले, शेतकऱ्याचे हाल झाले. त्या हालांचा जाब त्या वर्षीच्या सरकारला विचारायला हवा आणि तो कडक शब्दांत विचारायला हवा. पण भाव पडला असताना जाब विचारण्यासाठी एखादी संस्था अस्तित्वात असणे, ही गोष्ट आकाशातून पडलेली नाही. 1933 च्या शेतकऱ्याला तर जाब विचारायला सावकाराच्या ओसरीशिवाय दुसरी जागा नव्हती.

यापुढचा आरोप आत्महत्यांचा, आणि तो सगळ्यात अन्यायाचा आहे. पंजाबरावांनी 1962 मध्ये मंत्रिपद सोडले. 10 एप्रिल 1965 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कापूस एकाधिकार खरेदी योजना महाराष्ट्राने 1972 मध्ये सुरू केली आणि पुढे ती कशी कोसळली हे या भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. बीटी कापसाला परवानगी 2002 मध्ये मिळाली. आत्महत्यांची लाट आल्यावर 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. सिंचनाचा अनुशेष, कोरडवाहू कापूस, महागलेले बियाणे, पडलेला भाव, पीकविम्याचे गोंधळ: या प्रत्येक गोष्टीमागे निर्णय घेणारी किंवा न घेणारी माणसे आहेत, ती 1965 नंतरची आहेत, आणि त्यांतली बरीच मते मागायला याच गावांत येतात. त्यांना सोडून एका दिवंगत माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे कुणाच्या सोयीचे आहे? चाळीस वर्षे निवडून आलेल्यांच्या सोयीचे आहे. ‘भाऊसाहेबांनाही जमले नाही’ हे वाक्य ऐकायला नम्र वाटते, पण त्याने आजच्या पुढाऱ्याची मान सुटते.

मागासवर्गीयांच्या बाबतीतला आरोप मात्र जरा जपून पाहिला पाहिजे, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. घटना समितीत पंजाबराव मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी होते आणि तिथे त्यांनी तोंड बंद ठेवले नाही. खेड्यातला शेतकरी घटनेत कुठे दिसतो, हे ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मागास समाजांना नोकऱ्यांत वाटा मिळावा यासाठी बोलत राहिले. त्यांचे सगळेच म्हणणे पटण्यासारखे नव्हते. ऑगस्ट 1949 मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर त्यांनी मांडलेली दुरुस्ती हिंदू आणि शीख यांना केवळ त्या नात्याने नागरिकत्वाचा हक्क देणारी होती. सभागृहाने ती नाकारली आणि बरे केले. पण दिल्लीतल्या मोठ्यांपुढे ते मान खाली घालून बसत, असे म्हणणाऱ्यांनी या चर्चांची पाने उघडून पाहावीत. 1950 मध्ये मागासवर्गीयांच्या अखिल भारतीय संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. पुढे ते काँग्रेस सरकारात गेले आणि त्या संघात फूट पडली. मागासवर्गीयांसाठी नेमलेल्या कालेलकर आयोगाचा अहवाल 1955 मध्ये आला आणि सरकारने तो बाजूला ठेवला, तेव्हा पंजाबराव त्या सरकारात होते. ही गोष्ट त्यांच्या बाजूने वळवता येत नाही आणि वळवूही नये.

पण म्हणून ते गप्प बसले, हे कसे सिद्ध होते? ज्या वर्षी तो अहवाल आला त्याच वर्षी, मंत्री असताना, त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. शेतकऱ्यांची देशव्यापी, पक्षाबाहेरची संघटना. सत्तेत बसलेला माणूस सत्तेवर दबाव आणणारी संघटना उभारतो, हे त्या काळात किती मंत्र्यांनी केले? या समाजाने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले आणि 11 डिसेंबर 1959 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर त्याला आले. देशोदेशींची दालने उभी राहिली. तेव्हा भारत परदेशी गव्हावर दिवस काढत होता. त्या गव्हासाठीचा पीएल-480 चा करार 1956 मध्ये झाला होता. अशा देशाच्या राजधानीत शेती हा जगाच्या चर्चेचा विषय करून दाखवण्याची हिंमत या माणसाने केली. कृषक समाज आजही दिल्लीत निजामुद्दीनला आहे. पंजाबच्या बलराम जाखडांनी अनेक वर्षे त्याचे अध्यक्षपद सांभाळले. वऱ्हाडातल्या माणसाने काढलेली संघटना पंजाबच्या शेतकऱ्याला आपली वाटली, आणि वऱ्हाडात तिचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

जपानी पद्धतीच्या भातलागवडीची मोहीमही त्यांच्याच खात्याची, 1953 मधली. तिच्यावरही हाच आक्षेप घेतला जातो: भाताचे आपल्याला काय? आपण कापूसवाले. या एका वाक्यात सगळ्या मताचे मूळ उघडे पडते. देशात रेशनच्या रांगा लागलेल्या असताना देशाच्या कृषिखात्यातल्या मंत्र्याने अमरावतीपुरते पाहायचे होते का? तसे केले असते तर आपणच त्यांना आज संकुचित म्हटले असते. रोपे रांगेत लावणे, निवडक बियाणे, वेळेवर खत आणि निंदण या त्या पद्धतीतल्या साध्या गोष्टी. धान्याचे उत्पादन वाढवण्याचा तो हरित क्रांतीच्या दहा वर्षे आधीचा प्रयत्न होता. कोकणात, पूर्व विदर्भात, मद्रासेत, बंगालमध्ये भात खाणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता आणि भात खाणारा माणूसही त्यांचाच मतदार होता, अमरावतीच्या यादीत त्याचे नाव नसले तरी.

आणि जिल्ह्याला खरोखरच काही मिळाले नाही का? श्री शिवाजी शिक्षण संस्था 1932 ची, पण पंजाबराव दिल्लीत असतानाही तिची शाळा-महाविद्यालये वाढत राहिली. अकोल्याला 20 ऑक्टोबर 1969 रोजी कृषी विद्यापीठ झाले आणि त्याला त्यांचे नाव मिळाले, ते वऱ्हाडच्या लोकांनी ते मागितले म्हणून. शेतीचे स्वतंत्र विद्यापीठ असावे, ते आपल्या मुलखात असावे आणि त्यासाठी रस्त्यावर उतरावे, ही जाणीव या भागात कुणी रुजवली? शेती हा विद्येचा विषय आहे हे आयुष्यभर सांगत राहिलेल्या माणसानेच ना?

तेव्हा जयंतीच्या मांडवातल्या वक्त्यांना आणि टपरीवरच्या टीकाकारांना एकच मागणी आहे. पंजाबरावांच्या आयुष्यातून दिल्लीची वर्षे वजा करणे थांबवा. शिवाजी संस्थेच्या प्रत्येक महाविद्यालयात 1933 चा कर्ज लवाद कायदा, 1954 चा पतपुरवठ्याचा अहवाल आणि 1956 चा वखारींचा कायदा मुलांना वाचायला द्या. घटना समितीतली आणि लोकसभेतली त्यांची भाषणे मराठीत आणा, चुकलेली भाषणेसुद्धा. मग मुलांना टीका करू द्या, त्यांना ती नक्की करता येईल. आणि पुढच्या निवडणुकीत कुणी दिल्लीचे तिकीट मागायला चांदूरच्या बाजारात उभा राहिला, तर तालुक्याला काय आणणार एवढेच त्याला विचारू नका. देशातल्या कापूस उत्पादकाच्या कर्जाबद्दल, साठवणीबद्दल आणि भावाबद्दल तो कोणता कायदा मांडणार आहे, हे त्याच्याकडून वदवून घ्या. चांदूरच्या शाळेत शिकलेला एक माणूस नव्वद वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या मसुद्यात घेऊन नागपूरच्या कौन्सिलात उभा राहिला होता आणि वीस वर्षांनी तोच प्रश्न घेऊन दिल्लीत गेला होता.